बागेच्या कोटेशनमधली ‘खोदाई – लमसम’ ही ओळ

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहरचना संस्था मर्यादित, सिंहगड रस्ता, पुणे

विषय : मागच्या बागेची वर्क ऑर्डर देण्यापूर्वी खोदाईचा तपशील ठरवून घेण्याबाबत

स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावर लावलेले कोटेशन वाचले. झाडांच्या ३८ ओळी आहेत, चाफा किती फुटी हवा हेसुद्धा लिहिले आहे. खोदाईला मात्र एकच ओळ : ‘लमसम’, म्हणजे सगळ्या कामाची मिळून एकच रक्कम. झाड मेले तर दुसरे लावता येते, पण खोदताना चुकलेला उतार पेव्हर उखडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. म्हणून ही ओळ आधी उलगडून घ्यावी आणि मगच सही करावी, अशी विनंती आहे.

आधी माप. ४० बाय २५ फूट जागा, सरासरी दीड फूट खोली, म्हणजे १,५०० घनफूट किंवा १५ ब्रास. उपसलेली माती सैल होऊन २५ ते ३० टक्के वाढते, त्यामुळे गाडीत ती १९-२० ब्रास भरते. पैसे खड्डा मोजून द्यायचे की गाड्या मोजून, हे लिहिलेले नसेल तर भांडण ठरलेलेच. आमच्या मते खड्डा मोजावा. माती, मुरूम आणि कठीण दगड यांचे दर वेगळे घ्यावेत. आपल्याकडे काळा पाषाण कुठे दोन फुटांवर लागतो, तर कुठे दहा फुटांवरही लागत नाही. ब्रेकर (दगड फोडायचे यंत्र) लावावाच लागला तर त्याचा तासाचा दर आजच ठरलेला बरा. राडारोडा महापालिकेने नेमलेल्या जागीच जावा आणि त्याची पावती संस्थेच्या फायलीत लागावी.

हे दर अंदाजाने ठरू नयेत, यासाठी तीन ठिकाणी चाचणी-खड्डे घ्यावेत : ३ बाय ३ फूट, ४ फूट खोल, मजुरांकडून, जेसीबीने नव्हे. काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो, ते खड्ड्याच्या भिंतीवर टेप लावून लिहून घ्यावे. मग खड्डा पाण्याने भरून ठेवावा. २४ तासांनंतरही पाणी उभे असेल तर त्या जागी निचऱ्याची सोय केल्याशिवाय झाड लावू नये, कारण मुरमातला खड्डा म्हणजे बिनतोटीचा हौद, त्यात मुळे कुजतात. जेसीबीच्या बकेटने खड्ड्याच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्या टिकावाने खरवडायच्या आणि तळ पहारीने फोडायचा.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर एक-दोन पावसाळ्यांतच वरखाली होतात. पायवाटेसाठी ६० मिमी पेव्हर, ३० मिमी क्रश सँड आणि १५० मिमी मुरूम-खडी, म्हणजे २४० मिमी, साधारण साडेनऊ इंच खोदाई लागते. खाली काळी माती निघाली तर आणखी एक फूट काढून तिथे मुरूम भरावा. तो सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर (थर ठोकून घट्ट करणारे यंत्र) फिरवून. फूटभर मुरूम एकदम ओतून दाबला की वरचे चार इंच घट्ट होतात आणि खालचे पोकळ राहतात.

वरची सहा ते आठ इंच सुपीक माती वेगळी काढून ठेवायला ऑपरेटरला बजावावे लागते. नाहीतर माती-मुरूम एकाच ढिगात जातात आणि नंतर तीच संस्था लाल माती ब्रासच्या भावाने विकत घेते. हा ढीग पार्किंगच्या स्लॅबवर नको. ओल्या मातीचा तीन फुटी ढीग दर चौरस मीटरला दीड टनाहून जास्त भार टाकतो. जेसीबी स्वतःच साडेसात-आठ टनांचा असतो, त्यामुळे पाण्याच्या भूमिगत टाकीवरून तो नेऊ नये. मागे जायला वाट तेवढीच असेल तर मिनी एक्स्कॅव्हेटर मागवावा.

महावितरणची लो-टेन्शन केबल साधारण पाऊण मीटर खोल टाकतात. पण आधीच्या बागकामात वरची माती निघाली असेल तर केबल फूटभरावरही सापडते. केबल आणि पिवळी गॅसवाहिनी यांच्या रेषा चुन्याने आखाव्यात, दोन्ही बाजूंना एक-एक मीटर फक्त फावडे वापरावे. तिथे पहार नको.

इमारतीच्या जोत्यापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या दिशेने हवा आणि माती जोत्याच्या वरच्या पातळीपासून किमान सहा इंच खाली असावी. ती वर चढली की तळमजल्याला ओल आणि वाळवी दोन्ही. जोत्यालगतची वाळवीरोधक प्रक्रिया केलेली माती उकरली गेली तर ती प्रक्रिया पुन्हा करून घ्यावी. निचऱ्याचा ६० फुटी चर १:१०० उताराने काढायचा तर दोन टोकांत सात इंचांचा फरक लागतो. तो वॉटर लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासावा, नजरेने नाही.

सीमाभिंतीलगत तिच्या पायापेक्षा खोल खणू नये. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात मजुरांच्या झोपड्यांवर भिंत पडून १५ जण दगावले, हे वेगळे सांगायला नको. चर दीड मीटरहून खोल गेला तर बाजूंना टेकू द्यावा किंवा त्या उताराने कापाव्यात.

कोपऱ्यातल्या कडुनिंबाच्या खोडाच्या व्यासाच्या दहापट अंतरात यंत्र नको. खोड दीड फुटाचे असेल तर १५ फूट. १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्यात झाडाला इजा करणे हेही तोडण्यात धरले जाते, याची ठेकेदाराला लेखी जाणीव द्यावी.

पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो, तेव्हा खोदाई आणि भराव ३१ मेपर्यंत संपावेत. लागवड त्यानंतर केली तरी चालेल. चाचणी-खड्ड्यांना दोन मजुरांचा एक दिवस पुरावा. खड्डे कधी घ्यायचे ते कळवावे, टेप आणि चुना घेऊन आम्ही हजर राहू.

आपले,
‘बी’ विंगमधील सभासद