चि. संजयला, गडहिंग्लजच्या रिव्हॉल्व्हरविषयी

नंदगड
सोमवार, सकाळी

चि. संजय यास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री मी फोन मध्येच ठेवला, तो ठेवायला नको होता. तुझी आई सकाळपासून चहा पुढ्यात ठेवते आणि न बोलता आत जाते. फोनवर आपलं दोघांचं जमत नाही. तू एक वाक्य बोलेपर्यंत माझी चार झालेली असतात. म्हणून लिहायलोय. परशाचा थोरला बुधवारी निपाणीला यायलाय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पुरचुंडी देतो. पुरचुंडीत माझं जुनं फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचं माप, आहे आणि सहा खोटी काडतुसं. ती कशाला, ते पुढं येईल.

आधी काल बोलायचं राहून गेलं ते. लायसन्स तू रीतीनं काढलंस. कुणा एजंटाच्या दारात गेला नाहीस, प्रशिक्षणाचा दाखला जोडलास, पोलीस चौकशीला स्वतः उभा राहिलास. बेळगावला जिल्हाधिकारी कचेरीत किती खेपा झाल्या ते सुजातानं आईला सांगितलं. मला अभिमान वाटला आणि मी तो तुला सांगितला नाही. आणि संकेश्वरच्या अलीकडं ती दोन माणसं मागं लागली त्या रात्री, वखारीची एवढी रक्कम जवळ असताना, आडवाटेला न शिरता तू सरळ पेट्रोल पंपाच्या उजेडात गाडी घातलीस. तेव्हा तुझ्याजवळ हत्यार नव्हतं, डोकं होतं. मी गावात चार जणांना ही गोष्ट सांगितली आहे.

घेऊ नको असं मी आता म्हणणार नाही. घेणार असशील तर नीट घे. फक्त तनू सहा वर्षांची आहे, तेवढं... असू दे. ते नंतर.

गडहिंग्लजच्या माणसानं एक लाख तीस हजार सांगितले आणि तू पाच हजार विसार देऊन आलास. किमतीचं मग बघू. तू म्हणालास की रिव्हॉल्व्हर त्याच्या वडिलांचं, वडील दिवाळीत वारले आणि तेव्हापासून ते घरच्या कपाटातच आहे. तिथंच माझा आवाज चढला. लायसन्स वडिलांचं होतं. ते गेल्यावर मुलानं हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात जमा करायचं असतं, शस्त्र कायद्याचं २१ वं कलम आहे ते. कपाटात ठेवलेलं ते हत्यार आज बेकायदा आहे, आणि माझा मुलगा त्यांच्या सोप्यात बसून ते हातात घेऊन बघून आला. त्या माणसाच्या मनात काही वाईट नसेल, घरात दुःख झालेलं आहे. पण त्याला सांग, आधी जमा कर, पावती दाखव, वारसाचे कागद कर, मग बोलू. विसार तोवर अडकला तर अडकू दे.

आणि मालक हयात असला, लायसन्स त्याच्या नावावर असलं, तरीही आज पैसे आणि उद्या हत्यार असं होत नाही. विकणाऱ्यानं आधी आपल्या जिल्हाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्यात गडहिंग्लज पडलं महाराष्ट्रात. तुझ्या लायसन्सवर क्षेत्र काय लिहिलंय ते परत एकदा वाचून घे. सुजाता कन्नड शाळेत शिकली, तिला वाच म्हण. नुसतं कर्नाटक राज्य असेल तर कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला माल घेऊन जाशील तेव्हा ते हत्यार बरोबर नेता येणार नाही. आपल्याला ती सीमा रोजच्या जेवणाखाण्यात जाणवत नाही, पावणेरावळे दोन्हीकडं आहेत. पण हत्याराच्या कागदाला ती जाणवते. माझं ऐकशील तर आपल्याच जिल्ह्यातला विकणारा बघ, नाहीतर दुकानाच्या वहीतून घे. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता भाव. कानपूरच्या कारखान्याचं बत्तीस बोरचं, सहा गोळ्यांचं, मधून मोडणारं, तीन इंची नळीचं. मी पेन्शनीनंतर बेळगावात दुकानात दुरुस्तीला बसलो ती सहा वर्षं याच हत्याराचे स्क्रू फिरवण्यात गेली. विकणारा तुला म्हणाला असेल की नवं आता फार महाग झालंय. त्यात खोटं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. पण हा वाढलेला कर त्याच्या वडिलांनी भरलेला नाही, तो तू त्याला का भरायचा? आज नवं करासकट कितीला पडतं ते दुकानातून लिहून आण. जुनं कितीही चांगलं असलं तरी त्याच्या दोनतृतीयांशाच्या वर मी जाणार नाही. टायमिंगचं काम निघत असेल (ते काय, ते पुढं लिहितो) तर निम्मं. आणि कुणी विलायती वेब्ली दाखवायला लागला तर हात जोडून उठ. परदेशी हत्यारं सामान्य माणसाला आणता येईनाशी होऊन चाळीसेक वर्षं झाली, म्हणून असलेल्यांचे भाव काही लाखांत गेलेत. ती नावाची किंमत आहे. तिची स्प्रिंग तुटली तर तू कुठं जाणार?

रंग बघून भाव करू नकोस. कातडी म्यानात घासून नळीच्या तोंडाचा काळा रंग उडतोच, त्यानं काही बिघडत नाही, उलट तेवढे पैसे पाडून माग. उलट नवा काळा रंग चढवलेलं दिसलं तर दोनदा बघ, खाली काय झाकलंय म्हणून. स्क्रूच्या खाचा बघ. त्या फाटलेल्या असतील तर कुणीतरी चुकीचा पेचकस घेऊन आत शिरलेला आहे. फ्रेमवरचा नंबर आणि लायसन्सवरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळव. नंबर घासलेला, पुसट असेल तर खाली ठेव आणि घरी ये.

हातात घेतलंस की पहिलं काम, उघडायचं. गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि मग करंगळी लावून बघायची. विकणारा म्हणेल, रिकामंच आहे हो. तरीही. पलटणीच्या कोतात, हत्यारांच्या कोठारात, बारा वर्षं काढली मी, कर्नलसाहेब असले तरी हत्यार उघडून दाखवल्याशिवाय कुणी कुणाच्या हातात दिलं नाही.

बापूच्या हाताचं तुला माहीत आहे. पण तू तो हात जन्मापासून तसाच बघितलास. मी आधीचा बघितलाय. गोट्या खेळताना त्याच्याइतका नेम कुणाचा नव्हता. नानांची ठासणीची बंदूक, भातात डुकरं यायची म्हणून ठेवलेली. रात्रभर माळ्यावर बसून पहाटे घरी आले, म्हणाले, बार काढलाय, रिकामी आहे, दाराआड ठेव. माझ्या हातात दिली. मी चौदा वर्षांचा होतो. नळीत गज घालून बघायचा असतो हे मला येत होतं. नाना म्हणाले म्हणून मी बघितलं नाही. पुढचं आजीनं तुला सांगितलंच असेल. बापूनं मला आजवर एक शब्द विचारलेला नाही.

हे लिहायचं नव्हतं. पुढं जातो.

रिकामं आहे हे बघितल्यावर खटका लावून नळी धरून हलव. बिजागरीत आणि खटक्यात खेळ नको. खडखड करत असेल तर त्यातून फार गोळ्या गेल्यात, किंवा कुणी ते एका हातानं झटका देऊन बंद करत होता. मग मी पाठवलेली खोटी काडतुसं भर, म्हणजे घोडा रिकाम्यावर पडणार नाही, आणि भिंतीकडं तोंड करून चाप अगदी हळू ओढ. डबल अॅक्शन म्हणजे एका ओढीत घोडा मागं जातो, गोळ्यांच्या घरांची चरखी एक घर फिरते आणि घोडा पडतो. घोडा पडायच्या आधी चरखी जागेवर अडकली पाहिजे, टक् असा आवाज येतो. सहाही घरांवर वेगवेगळं बघ, घाई करू नकोस. पाच ठीक आणि एक ढिलं असं पुष्कळदा निघतं. चरखी अडकायच्या आत घोडा पडला तर घर आणि नळी सरळ रेषेत नसतात, गोळी नळीच्या कडेला घासून शिशाची किरचं बाजूला उडतात, उडवणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या तोंडावर. यालाच टायमिंग म्हणतात आणि खरी किंमत यातच असते. चाप दाबून धरलेला असताना चरखी दोन बोटांनी डावी-उजवी हलवून बघ. किंचित हलली तर चालेल, लळत लोंबत असेल तर नको.

फीलर गेज चरखी आणि नळीच्या मधल्या फटीत घालायचं. पाव मिलिमीटरची पात जात असेल आणि त्यावरची जात नसेल तर समाधान मान. मग घोडा मागं ओढून ठेव आणि अंगठ्यानं पाठीमागून पुढं ढकल. जोरात. पडता कामा नये. पडला, तर फुकट दिलं तरी घेऊ नकोस. शेवटी उघडून पांढरा कागद धर, उजेड घे आणि नळीतून बघ. नळीच्या आत कोरलेल्या आट्या धारदार दिसल्या पाहिजेत. आपल्याकडच्या पावसात कातडी म्यानात वर्षभर ठेवलेल्या नळीला आतून खड्डे पडतात, खानापूर भागातल्या हत्यारांना तर हटकून.

वाचताना वैतागला असशील. घरात परत कोतातला हवालदार आला म्हणशील. माफ कर. मला हे एवढंच येतं, आणि तुला देण्यासारखं दुसरं काही माझ्याकडं उरलेलं नाही. जमीन तर तुला नकोच आहे.

एक मात्र लिहितोच. लोक तुला सांगतील की डबल अॅक्शनचा चाप जड असतो, पाच-सहा किलोची ओढ, लहान पोराच्या बोटाला झेपत नाही, काळजी करू नका. ते पुरं खरं नाही. घोडा आधी मागं ओढला की तोच चाप दोन किलोच्या आसपास हलतो. आणि घोडा ओढायला मूल एक अंगठा वापरत नाही, दोन्ही हात वापरतं. गणपतीत तनू इथं आली होती तेव्हा फवारणीच्या पंपाचा दांडा पोटाशी धरून दोन्ही हातांनी दाबत होती. मी ओट्यावरून बघत होतो. तिला ओरडलो तेव्हा तुला राग आला. मी पंपासाठी ओरडलो नव्हतो, तेव्हाच तुझ्या लायसन्सचा अर्ज कचेरीत पडलेला होता.

बाकीचं थोडक्यात. निवडणूक लागली आणि जमा करा म्हणून नोटीस आली की दुसऱ्या दिवशी जमा करायचं, पावती जपायची. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला काळी पट्टी बांधून जातोस, जा, तुझे आजोबाही जात होते. पण हत्यार त्या दिवशी पेटीतून बाहेर काढायचं नाही. लग्नाच्या वरातीत मित्र म्हणतील, हवेत एक उडव. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. वखारीत आमदनीच्या दिवसांत हमालांशी वाद होतात, तेव्हा कंबरेला लावून उभा राहू नकोस. तुझा राग माझ्यासारखा आहे, लवकर येतो. काल आपण दोघांनीही बघितला.

सुजाताला विचारलंस का? काल हे विचारायच्या आत मी फोन ठेवला. तिला नको असेल तर तिचं ऐक. हवं असेल तर तिलाही उघडून रिकामं करायला शिकव, तू घरात नसताना ते घरातच असेल अशी वेळ येणार.

आणि आता नंतर म्हणालो होतो ते. हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी तू अर्जात लिहून दिली आहेस, पण ठेवणार कुठं हे मला अजून कळलेलं नाही. कपड्यांचं कपाट चालणार नाही, त्याची किल्ली देवघरात टांगलेली असते हे तनूला माहीत आहे, तिनंच मला दाखवली. मी शनिवारी पहिल्या गाडीनं निघतो. खानापूरच्या लोहाराकडून जाड पत्र्याची पेटी करून आणतो, भिंतीत बोल्टानं बसवायची. काडतुसांची डबी निराळी, निराळ्या कुलपाची, निराळ्या खोलीत. पेटीची किल्ली तुझ्या कंबरेला, दुसरी वखारीत, घरात एकही नाही.

लोहाराला माप द्यायचं आहे. आतल्या खोलीतल्या भिंतीची जाडी कळव. आणि तनूला लाकडी स्टुलावर उभी करून हात वर करायला सांग, बोटं भिंतीवर कुठपर्यंत पोचतात तिथं पेन्सिलीनं खूण कर, आणि जमिनीपासून ती किती फुटांवर आहे ते परशाच्या थोरल्याजवळ लिहून पाठव.

तुझा
अप्पा