तीन सारख्या गिटारींपैकी एक: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि त्यासोबतचा तू आखलेला तक्ता, दोन्ही मिळाले. तीन गिटारी, प्रत्येकीपुढे चौदा रकाने, आणि एवढा खटाटोप करून शेवटच्या रकान्यात तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह! यामाहाची एफजी८००, तिचीच धाकटी बहीण एफएस८०० आणि फेंडरची सीडी-६०एस. तिघींचा टॉप, म्हणजे वरची फळी, सॉलिड (एकसंध) स्प्रूस लाकडाचा, तिघींच्या नटाची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांत बसतात त्या पट्टीची, रुंदी ४३ मिलिमीटर, आणि तिघी तुझ्या खिशाला परवडणाऱ्या. मग निवडायचे तरी कशावरून, असे तू विचारतोस. तुझी अडचण खरी आहे. पण तू जिथे फरक शोधतो आहेस तिथे तो फारसा नाही आणि जिथे आहे तो रकाना तुझ्या तक्त्यात नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी खोडाखोड करू. रंग, पॉलिशची चकाकी, पिकगार्डचा आकार आणि साउंडहोलभोवतीची नक्षी हे रकाने काढून टाक. खुंट्यांचाही काढ, या वर्गातल्या खुंट्या आता सूर धरून ठेवण्याइतक्या बऱ्या असतात आणि पुढेमागे एखादी खराब निघालीच तर बदलता येते. पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा रकाना मात्र तू लाल शाईने भरला आहेस, म्हणून त्यावर दोन शब्द लिहितो. थोडे पैसे वाढवून रोजवुडची एफजी८३० घ्यावी का, असेही तू विचारले आहेस. एफजी८०० आणि एफजी८३० यांचा साचा एकच आणि दोघींचा टॉपही सॉलिड स्प्रूसचाच. पाठीला आणि बाजूंना एकीत नाटो किंवा ओकुमे, तर दुसरीत रोजवुड, पण तेही दोन्हीकडे लॅमिनेटच, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेले. आता गंमत ऐक. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी सहा गिटारी अशा बनवून घेतल्या की त्यांच्यात फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा असावा. ब्राझिलियन रोजवुडपासून अक्रोडापर्यंत सहा जातींची लाकडे त्यांत होती. हातातली गिटार कोणती हे कळू नये अशी व्यवस्था करून त्या ५२ वादकांकडून वाजवून घेतल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा, की वादकांनी सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले आणि कोणती कोणती हे त्यांना खात्रीने ओळखता आले नाही. तिथे जर ही स्थिती, तर लॅमिनेटच्या वरच्या पातळ थरात रोजवुड आहे की नाटो, यावर तू आणि मी झोप घालवण्यात अर्थ नाही. रोजवुड दिसायला सुंदर आहे, हे मात्र कबूल.

टॉपची गोष्ट वेगळी. तारांचा कंप सॅडलवरून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून, ती बसवलेल्या ब्रिजमध्ये आणि ब्रिजमधून वरच्या फळीत उतरतो, आणि आपण जो आवाज ऐकतो त्याचा मोठा वाटा ती फळीच उचलते. एकाच ओंडक्यातून कापलेली स्प्रूसची पातळ फळी हलकी असूनही ताठ असते. लॅमिनेटमध्ये थर एकमेकांवर आडवेउभे चिकटवलेले असल्यामुळे मजबुती वाढते, पण फळी तितकी मोकळेपणी हलत नाही. म्हणून सॉलिड टॉपचा तुझा आग्रह योग्यच आहे. फक्त कागदावर लिहिले आहे म्हणून विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. साउंडहोलच्या कडेवर उजेड पाड आणि वरच्या लाकडातली एखादी ठळक रेघ निवड. ती रेघ कडेवरून खाली वळून फळीच्या जाडीत तशीच उतरत असेल, तर टॉप सॉलिड. रेघ कडेपाशीच तुटत असेल आणि जाडीत बिस्किटासारखे आडवे थर दिसत असतील, तर ते लॅमिनेट. सीडी-६०एस मधला शेवटचा ‘एस’ याच सॉलिडसाठी आहे. नाव जवळपास तेच, पण हे अक्षर नसलेली सीडी-६० लॅमिनेट टॉपची आहे. दुकानात घाईत असताना ही चूक सहज होते.

आता खऱ्या फरकाकडे येतो. तुझ्या तक्त्यात स्केल लेंग्थ, म्हणजे नटापासून सॅडलपर्यंत तारेची लांबी, हा रकाना आहे, पण त्यापुढे तू ‘साधारण सारखी’ असे लिहून मोकळा झाला आहेस. एफजी८०० ची ६५० मिलिमीटर, सीडी-६०एस ची ६४३ आणि एफएस८०० ची ६३४. सोळा मिलिमीटरचा फरक म्हणजे बोटाची रुंदी, असे तुला वाटले असणार. पण तार तीच आणि सूरही तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ६३४ चा वर्ग ६५० च्या वर्गापेक्षा साधारण पाच टक्क्यांनी कमी भरतो, म्हणजे एफएसच्या तारा एफजीच्या तारांपेक्षा तेवढ्या ढिल्या असतात. बारा नंबरच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) लाइट सेटमध्ये सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो हे लक्षात घेतले, तर पाच टक्के म्हणजे काही किलोंचे ओझे झाले, आणि नवशिक्याच्या बोटांच्या टोकांना ते नक्की जाणवते. शिवाय फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एकमेकींच्या जवळ येतात: नटापासून पाचव्या फ्रेटपर्यंतचे अंतर एफजीवर १६३ मिलिमीटर, तर एफएसवर १५९. तुझी करंगळी जी कॉर्डमध्ये ताणून ताणून शेवटी सुटते, असे तू लिहिले आहेस, तिच्यासाठी हे चार मिलिमीटर म्हणजे चैन आहे.

दुसरा फरक पोटाचा. एफजी आणि सीडी-६०एस या दोघी ड्रेडनॉट आकाराच्या. हा रुंद खांद्यांचा आणि भरल्या कमरेचा आकार मार्टिनने १९१६ मध्ये दुसऱ्या एका कंपनीसाठी बनवला, १९३१ पासून तो स्वतःच्या नावाने विकायला घेतला, आणि नाव ठेवले ते ब्रिटिश आरमाराच्या एका अजस्र युद्धनौकेचे! नाव शोभते. जोरात स्ट्रमिंग केले, तर ड्रेडनॉटचा खर्ज छातीला जाणवतो, आणि चार माणसे गात असतील तेव्हा तिचा आवाज बुडत नाही. पण तू लिहितोस त्याप्रमाणे तुला एकट्याने बसून बोटांनी वाजवायचे आहे आणि त्यावर हळू आवाजात गायचे आहे. अशा वेळी ड्रेडनॉट उजव्या काखेत खुपते, खांदा वर उचलला जातो, आणि अर्ध्या तासाने दुखायला लागतो तो हात नाही, मान. एफएसची कंबर अधिक आवळलेली आणि खोलीही कमी. मांडीवर ती आपसूक बसते. खर्ज थोडा कमी मिळतो, हे लपवणार नाही. पण बोटांनी वाजवताना मधल्या तारा त्यामुळेच स्वच्छ ऐकू येतात, असे मला वाटते.

आणि आता तो रकाना, जो तुझ्या तक्त्यात नाहीच: ॲक्शन, म्हणजे तारा फ्रेटपासून किती उंच आहेत ते. यावर मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण मी स्वतः इथेच पोळलो आहे. माझी पहिली गिटार मी सूर्यास्ताच्या रंगाची म्हणून घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता. एफचा बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा कॉर्ड, मला सहा महिने लागला नाही. पहिले बोट दाबून दाबून त्यावर तारेची निळी रेघ उमटायची, तरी दोन तारा मुक्याच राहायच्या. आपली बोटेच कमकुवत, असे समजून मी रबरी चेंडू दाबण्याचे व्यायामसुद्धा केले. शेवटी एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने काही न बोलता जाड तार तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे दाबून धरली आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातू यांच्यामध्ये एक कडक व्हिजिटिंग कार्ड सारले. ते आरपार गेले! तिथे जेमतेम केसाएवढी फट हवी, म्हणाला. मग बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरली. जाड तारेखाली चार मिलिमीटर. तिथे अडीचच्या आसपास असावे आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास. त्याने नटाच्या खाचा कानशीने खोल केल्या, सॅडल काढून खालून घासले आणि पुन्हा तारा चढवल्या. सॅडल तीन मिलिमीटर घासले, तेव्हा बाराव्या फ्रेटवर दीड कमी झाले. हे प्रमाण दुपटीचे असते, हेही तेव्हाच कळले. त्याच संध्याकाळी एफ वाजला. रबरी चेंडू अजून कपाटात आहे.

म्हणून मी म्हणतो की एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच नावाच्या दोन गिटारींमध्ये कित्येकदा जेवढा फरक असतो, तेवढा तुझ्या तक्त्यातल्या दोन वेगवेगळ्या मॉडेलांमध्येही नसतो. परवडणाऱ्या गिटारींत लाकूड बरे असते, यंत्रांनी केलेले कापकामही बरे असते. काटकसर होते ती शेवटच्या हातमेहनतीत, म्हणजे नटाच्या खाचा, सॅडलची उंची आणि फ्रेटची टोके यांत. दुकानात त्या मॉडेलचे दोन नग असतील, तर दोन्ही मागून घे. संकोच करू नकोस.

हातात आली की लगेच वाजवू नकोस. तळवा मानेच्या कडेवरून नटापासून खाली फिरव. फ्रेटची टोके करवतीसारखी टोचत असतील, तर फिंगरबोर्डाचे लाकूड सुकून आकसले आहे. सीडी-६०एस च्या फिंगरबोर्डाच्या कडा मुद्दाम गोल केलेल्या असतात, त्यामुळे तिथे ती बाजी मारते. मग जाड तार एका हाताने पहिल्या आणि दुसऱ्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाब आणि सातव्या फ्रेटपाशी बघ. पातळ कागदी कार्ड जाईल एवढी फट दिसावी. फट मुळीच नसेल किंवा खूप असेल, तर ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई, फिरवावा लागेल. ते काम अवघड नाही, पण दुकानदाराकडून करून घे, स्वतः करू नकोस. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजव. कंटाळवाणे आहे, पण कुठे तार झणझणते ते याशिवाय कळत नाही. तानपुऱ्यात जी जवारी काढायला कारागीर दिवस घालवतात, तीच गिटारीत एका फ्रेटवर निघाली की दोष ठरते! शेवटी बाराव्या फ्रेटवर तारेला नुसते बोट टेकवून हार्मोनिक काढ, मग तिथेच दाबून वाजव. दोन्ही सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला सूर स्पष्ट चढा येत असेल, तर तारा बहुधा उंच आहेत किंवा जुन्या झाल्या आहेत, आणि मग वरच्या फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर लागतील.

आवाजाची पारख तू वाजवताना करू नकोस. दुसऱ्या कुणाला वाजवायला सांग आणि समोर पाठ करून उभा राहा. गिटारीचा आवाज पुढे फेकला जातो, वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत त्यातला थोडाच येतो. आणि पाठ केली की डोळ्यांना रोजवुड दिसत नाही.

माझे मत विचारशील तर एफएस८००. तुझी करंगळी, तुझे बसून वाजवणे आणि तुझा गळा, तिन्ही तिच्याच बाजूने आहेत. सीडी-६०एस ची मान हातात घेतल्यावर तुला अधिक आपली वाटली, तर मात्र माझे ऐकू नकोस. पण काखेत ती खुपते का, हे वीस मिनिटे बसून बघ, दोन मिनिटे नव्हे. एफजी तेव्हाच घे, जेव्हा पिकने जोरात वाजवायचा तुझा बेत पक्का असेल. एफजी८३० चे वाढीव पैसे सेटअपसाठी, म्हणजे कारागिराकडून नट, सॅडल आणि मान नीट करून घेण्यासाठी, आणि चांगल्या हार्ड केससाठी राखून ठेव. सॉलिड टॉपला कोरडी हवा सोसत नाही. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावी, आणि उन्हात किंवा बंद गाडीत तर तिला कधीच ठेवू नकोस.

सेटअप करायला देशील तेव्हा कारागिराला अकरा नंबरच्या तारा चढवायला सांग आणि त्याच तारांवर मान व सॅडल बसवून घे. नंतर तारा बदलल्या तर ताण बदलतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. बाराव्या फ्रेटवरची उंची पट्टीने मोजून मला कळव. दोन्ही कडेच्या तारांची हवी, एकीची नको.

तुझाच,
जुना मित्र