सुभेदारकाका, तुम्ही आधी तिला विचारलंत

ती. स्व. सुभेदारकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही माझ्या लेकीची रायफल दुरुस्त केलीत, त्याचे आभार मानायला हे पत्र छापायला देतेय. नाव छापायचं नाही अशी अट तुम्ही घातलीत, म्हणून हुद्द्यावरच भागवते. इंदूरजवळच्या महूत तुम्हाला ओळखणारे ओळखतीलच. बाकीच्यांना पत्ता कळला तर निम्म्या इंदूरची बिघडलेली यंत्रं तुमच्या ओट्यावर येऊन पडतील.

रायफल म्हटलं की वाचणाऱ्यांचे डोळे विस्फारतात, तेव्हा आधीच सांगून टाकते. ही हवेची, १० मीटरच्या सरावाची. स्प्रिंगवर चालणारी, ४.५ मिमीची गोळी, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना न लागणारी. लेकीसाठी ती एका मोठ्या खेळाडूकडून जुनी घेतली, कारण नवीची किंमत ऐकून आमच्या ह्यांनी हातातला घास खाली ठेवला होता.

आतलं सील झिजलं म्हणून ती एका दुकानात दिली. बरेच दिवस खेटे घालायला लावून त्यांनी परत दिली ती अशी: दस्ता वेगळा, नळी वेगळी, आणि बेकरीच्या पिशवीत पिना, वॉशर, बारक्या स्प्रिंगा नि एक सर्क्लिप. "मॅडम, पार्ट बैठ नहीं रहे, ठोकना पड़ेगा. घर पे ठोक लेना." मजुरी मात्र पूर्ण घेतली. मग ह्यांचे एक इंजिनीअर मावसभाऊ आले. त्यांनी जिथे फट दिसेल तिथे तेल मारलं आणि जेवून गेले. एका प्रशिक्षकांनी फोनवरच निकाल लावला, भंगारात द्या, नवी घ्या.

काका, ह्या सगळ्यांचं एका बाबतीत एकमत होतं. बोलायचं ते माझ्याशी, नाहीतर ह्यांच्याशी. जिची रायफल ती तेरा वर्षांची मुलगी शेजारीच उभी असायची. "ती पिन दुसऱ्या बाजूने जाते, काढताना मी पाहिलंय," असं तिने दुकानदाराला सांगितलं, तर तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. लिहितानाही येतोय.

शेजारच्यांच्या ओळखीने तुमचा फोन लागला. दुसऱ्या दिवशी तुम्ही महूच्या बसने आलात, रामबागेतल्या आमच्या घराच्या पायऱ्या चढलात आणि चहाला "मागनं" म्हणालात. मांडून ठेवलेला तो सगळा पसारा बघितलात, आणि माझ्याशी न बोलता, ह्यांच्याशी न बोलता तिच्याकडे वळलात.

"बाळ, रायफल तुझी हाय न्हवं? मग मी हात लावू का?"

ती गोंधळली. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात लक्षात आलं की तुम्ही थांबला आहात. दोन्ही हात मांडीवर, घाई कसलीच नाही. ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या विभागात, आर्मरर म्हणून हत्यारं दुरुस्त करण्यात उभी नोकरी झालेला माणूस, किती हत्यारं ह्या हातांनी उघडून मिटली असतील, तो एका शाळकरी मुलीच्या होकारासाठी थांबला होता. ती "हो" म्हणेपर्यंत तुम्ही एका स्क्रूलाही बोट लावलं नाहीत.

पुढे काय काय झालं ते तिच्या वहीत आकृत्यांसकट आहे, मला सगळं सांगता यायचं नाही. तुम्ही पिन तिच्या हातात देऊन दोन्ही टोकांवरून नख फिरवायला लावलंत. एक टोक गुळगुळीत, दुसऱ्यावर बारीक खाचा. म्हणजे गुळगुळीत टोक आधी घालायचं, आणि तेही तिने दुकानात सांगितलेल्या बाजूनेच! मग भोकातून टॉर्च मारून बघायला सांगितलंत. आरपार गोल दिसायला हवा होता, तिथे चंद्रकोर दिसत होती. ट्रिगरच्या स्प्रिंगचा पाय खाचेबाहेर बसला होता. सायकलच्या स्पोकचा तुकडा कापून, टोक घासून तुम्ही त्याची तात्पुरती, खोटी पिन केलीत. त्या खोट्या पिनेने स्प्रिंग आणि खटका जागेवर धरून ठेवला, आणि खरी पिन आत सरकली तशी खोटी दुसऱ्या बाजूने बाहेर आली. हातोडी टेबलावर तशीच. "ठोकायचं कवा? सगळं सरळ रेघंत आल्यावर. आन् तवा ठोकावं लागतच न्हाई." हे वाक्य तिने वहीत चौकट करून लिहिलंय.

मावसभाऊजींचं तेल पुसताना तुम्ही त्यांना एक शब्द वावगा बोलला नाहीत, ते समोर बसले असूनही. पिस्टनच्या दाबाने आतली हवा तापते आणि तेल पेट घेतं, एवढंच तिला समजावलंत. गोळी न घालता स्प्रिंगची रायफल झाडायची नाही, पुढे हवेची गादी नसली की पिस्टन थेट आदळतो, हेही. भाऊजी तेव्हा पोह्यांवर शेव घेण्यात फार गुंतले होते.

चांगुलपणा म्हणजे पैसे न घेणं, असं आपल्याकडे उगाच समजतात. तुम्ही पैसे घेतलेत. दुकानदाराच्या मानाने काहीच नाहीत, पण घेतलेत, तिच्या हातून घेतलेत आणि वहीच्या पानावर तिच्या नावाने पावती दिलीत. आमच्या इंदुरात मदतीला माणसांची वाण नाही. बंद पडलेली गाडी ढकलतील, पत्ता दाखवायला पार चौकापर्यंत येतील. पण ज्याचं काम आहे त्याला विचारून, त्याचं ऐकून घेऊन हात लावणारे कमी. लहान मुलांच्या वाट्याला तर ते येतच नाहीत. आम्ही आईबापही तिच्या वतीने बोलण्यात पटाईत झालोय, हे त्या दिवशी मला जरा टोचलंच.

जाताना तुम्ही म्हणालात, "२०२४ला आमच्या राधानगरीकडच्या पोरानं पॅरिसातनं ब्राँझ आणलं." तिच्या कपाटावर खरगोनच्या नेमबाज ऐश्वर्य प्रतापसिंह तोमरचा फोटो होता, आता शेजारी तुमचा तो राधानगरीकडचा नेमबाज, स्वप्नील कुसाळेही आहे. कपाटावर जागा आहे का, हे मला विचारलं गेलं नाही.

ब्रीचची, म्हणजे गोळी भरायच्या तोंडाची, रबरी ओ-रिंग तुम्ही लिहून दिलेल्या मापाची सियागंजच्या बाजारात मिळाली, ती तिने स्वतः बसवली. ट्रिगर आता रोज एकाच जागी सुटतो म्हणते. दसऱ्यानंतरच्या रविवारी प्रश्नांची यादी घेऊन महूला यायचा तिचा बेत आहे. चिवडा मी देईन. तुम्हाला तो दिवस सोयीचा आहे का, ते फोन करून तिलाच सांगा. नंबर माझाच आहे, उचलेल ती.

आपली,
नेमबाज मुलीची आई
रामबाग, इंदूर