गरम जॉब

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून आईनं दोनदा विचारलं, पोरीच्या हाताला फोड आलेत का. टूल अँड डायच्या, म्हणजे हत्यारं नि साचे बनवायच्या, ट्रेडला दोन महिने झाले तरी कानसच घासतेय, यापेक्षा सहा महिन्यांचा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, ऑपरेटरचा कोर्स करून पगार सुरू करते, असं तू म्हणालीस. फोनवर मला पटकन सुचत नाही, म्हणून लिहितोय.

कानस मारताना हात झुलला की जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मधे फुगतो नि कडा उतरतात. गुण्या लावून उजेडाकडे धरलं की लगेच कळतं. मला हे सांगणारं कुणी नव्हतं. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये झाडू मारायला लागलो, तिथून थेट लेथवर, जॉब फिरवत कापायच्या मशीनवर. लूमचे, म्हणजे मागाचे, बुश, पिना, शाफ्ट करायचो. लूमवाले ‘जरा सैल’, ‘जरा टाइट’ एवढंच सांगायचे, त्यात निभत होतं.

मग एका मे महिन्यात मोटारीच्या शाफ्टचं काम आलं. व्यास ५० मिलिमीटर, वर बेअरिंग दाबून बसवायचं. भर दुपार, डोक्यावर पत्रा, जॉब थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पंप बंद. शेवटचा कट झाला की तसाच गरम जॉबवर मायक्रोमीटर, ते बारीक माप घ्यायचं हत्यार, लावायचो. माप चोख. सकाळी मालकानं बेअरिंग घातलं, तर ते बोटानं सरकलं. बाराच्या बारा शाफ्ट तसेच. मी म्हटलं, मायक्रोमीटर बिघडलाय. मायक्रोमीटर बिचारा बरोबर होता, शाफ्ट रात्रीत थंड झाले होते.

पोलाद तापमानाच्या एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जॉब मायक्रोमीटरपेक्षा ४० अंशांनी गरम असला तर ५० मिलिमीटरला मिलिमीटरच्या दोन शतांशांहून जास्त फरक पडतो. केसापेक्षाही कमी, पण माझा आठवड्याचा पगार त्यात गेला. माप २० अंशांना धरायचं असतं हे पुढं एका इन्स्पेक्टरनं सांगितलं. सोलापुरात २० अंश! गड्ड्याच्या यात्रेत सकाळी सकाळी मिळाले तर मिळाले. जॉब नि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे नि सारखेच तापलेले असले तर भागतं. ॲल्युमिनियमला नाही, ते जवळपास दुप्पट वाढतं.

सीएनसीचंही तेच. ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, माणूसच भरतो. गरम जॉब मोजून भरलास तर मशीन तीच चूक शंभर वेळा करेल, न थकता. टूल अँड डायचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, मशीन कुठं पळून जात नाही. तरी सोडायचंच ठरवलंस तर आधी घरी ये, मग बोलू. पैशाची काळजी करून सोडणार असशील तर मात्र मला राग येईल.

पोरी ‘सोलापूर म्हणजे चादर’ म्हणून चिडवतात म्हणालीस. त्यांना सांग, ती चादर विणणाऱ्या लूमलाही कॅम लागतो, नि गाड्यांचे कॅमशाफ्टही आपल्या गावात बनतात.

शेंगा चटणी नि कडक भाकरी पाठवतोय. भाकरीच्या डब्यात कापडात गुंडाळलेला माझा ०-२५ चा मायक्रोमीटर आहे. झीरो तपासून घे, मागं एक शतांश पुढं दाखवत होता. आणि मुठीत जास्त वेळ धरू नकोस, हाताच्या उबेनं फ्रेमसुद्धा वाढते.

तुझे,
पप्पा