मुलांच्या दरमहाच्या पैशांबद्दल पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात घटस्फोटाची बातमी आली की कोणी किती कोटींची पोटगी दिली एवढंच छापून येतं, पण डिव्होर्सनंतर मुलांसाठी दर महिन्याला जी ठरलेली रक्कम द्यायची असते तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय, कारण मी स्वतः ती ४ महिने चुकवली आहे.

माझा जॉब गेला होता. पहिल्या महिन्यात वाटलं पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देऊ, दुसऱ्या महिन्यात फोन उचलायचीच लाज वाटायला लागली आणि मग मी सरळ गप्पच बसलो. मला खरंच वाटायचं की इन्कमच नाही तर कोर्ट तरी काय मागणार. पण तसं नसतं हो. कोर्ट बदलत नाही तोवर ऑर्डरमधली रक्कम तीच राहते, थकबाकी चढतच जाते आणि मागचे महिने सहसा माफ होत नाहीत. नोकरी गेल्या गेल्या रक्कम कमी करायचा अर्ज टाकायला हवा होता, आणि जमतील तेवढे तरी पैसे पाठवायला हवे होते. मी दोन्ही केलं नाही.

त्याच काळात एका रविवारी मुलगी भेटायला आली. शाळेचे बूट मागून दाबून चपलेसारखे घातलेले, टाच आतच जात नव्हती. विचारलं तर म्हणाली, "असेच बरे वाटतात बाबा." ९ वर्षांची पोर, आणि मला सांभाळून घेत होती. अजून आठवलं की पोटात कालवतं.

आपण हे पैसे एक्सला देतोय असं डोक्यात बसलेलं असतं ना, तिथेच सगळं बिनसतं. मुलाला भेटू दिलं नाही म्हणून पैसे बंद, असं कितीतरी जण करतात, पण ते दोन वेगळे विषय आहेत, भेटीसाठी कोर्टात वेगळा अर्ज करा, मुलाच्या फीशी त्याचा काय संबंध? आणि पैसे बँकेतूनच जाऊ द्या, पगाराच्याच दिवशी, कॅश दिली की नंतर सिद्ध करता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम २७ मध्ये, पालकांकडून मुलाच्या पालनपोषणाचा खर्च वसूल व्हावा यासाठी सरकारने पावलं उचलावीत असं लिहिलंय, पालक परदेशात असला तरी. अमेरिकेत बहुतेकांच्या पगारातूनच रक्कम कापली जाते. जर्मनीत पालकाने दिले नाहीत तर सरकार मुलासाठी ठरावीक रक्कम आधी देतं आणि मग त्या पालकाकडून वसूल करायला बघतं. मला हे पटतं, कारण मग पोराचा महिना आईबापांच्या रागावर अवलंबून राहत नाही.

तुम्ही एकदा एवढं तरी छापा, की रक्कम कमी करायचा अर्ज कसा करायचा आणि थकबाकी हप्त्यांनी कशी फेडायची. मला ती फेडायला १४ महिने लागले, तोवर मुलीच्या बुटाचा नंबर दोनदा बदलला होता.

– एक वडील