नोकरी गेल्याचं लपवलं, तिथेच चुकलं

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आपल्या पेपरात अधूनमधून नोकरी गेलेल्यांसाठी सल्ल्याचे लेख येतात. मी ते सगळे वाचतो कारण मी स्वतः 14 महिने घरी बसून काढलेत, आणि त्यातलं एक वाक्य मला दरवेळी टोचतं, ते म्हणजे "मिळालेल्या मोकळ्या वेळेचा सदुपयोग करा". वेळ मिळतो हो, पण तो मोकळा नसतो. हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

सुरवातीला मीही लिस्ट केली होती, एक ऑनलाइन कोर्स, रोज व्यायाम, कपाटात पडून राहिलेली पुस्तकं. तिसरा महिना आला तरी पहिल्या पुस्तकाची वीस पानं झाली नव्हती. सकाळी उठलो की मेल बघायचा, मग परत बघायचा, फोन जवळ घेऊन बसायचं, आणि संध्याकाळी दिवसभरात काय केलं म्हणून विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नाही. मला वाटायला लागलं की मी मुळातच आळशी माणूस आहे, ऑफिस होतं म्हणून इतकी वर्षं ते झाकलं गेलं.

मग एके ठिकाणी मारिएन्थालबद्दल वाचलं आणि खरं सांगतो, जीव हलका झाला. हे ऑस्ट्रियातलं एक छोटं गाव, तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात ते बारकाईने टिपलं, 1933 साली तो अभ्यास छापून आला. गावात वाचनालय होतं, लोकांकडे वेळच वेळ होता, तरी पुस्तकं नेणं वाढायच्या ऐवजी जवळजवळ निम्म्यावर आलं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचा चालण्याचा वेगसुद्धा त्यांनी घड्याळ लावून मोजला, तर पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालायचे आणि बायका त्यांच्यापेक्षा भराभर, कारण घरातलं काम बायकांच्या मागे होतंच. म्हणजे काम गेलं की दिवसाचा सांगाडाच जातो, त्यात त्या माणसाचा दोष नसतो. त्यानंतर मी मोठ्या लिस्टा बंद केल्या आणि सकाळी साडेनऊ ते साडेबारा एवढंच अर्जांचं काम धरलं, वेळ झाली की लॅपटॉप बंद. दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे घेतला. एवढ्यानेच बराच फरक पडला.

पण माझी खरी चूक वेगळी होती, ती म्हणजे मी नोकरी गेल्याचं लपवलं. बायको आणि एक मित्र सोडून कोणाला सांगितलं नाही, शेजारी विचारलं तर "घरूनच काम चालू आहे", नातेवाईकांच्या कार्यक्रमांना जाणं बंद, कारण तिथे कोणीतरी विचारणारच "सध्या काय चाललंय". एकदा मुलाने शाळेचा फॉर्म आणला, त्यात वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता, त्याने विचारलं काय लिहू. मी जुन्या कंपनीचं नाव सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं, तरी त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने तेच लिहिलं. मुलाला खोटं लिहायला लावलं हे मला आजही सलतं.

शेवटी नोकरी मिळाली ती कोणामुळे, तर जुन्या ऑफिसच्या दुसऱ्या डिपार्टमेंटमधल्या एका माणसामुळे, ज्याच्याशी माझं सगळं मिळून चार-पाच वेळा बोलणं झालं असेल. त्याने कसल्यातरी जुन्या फाईलबद्दल विचारायला फोन केला होता, त्या दिवशी खोटं बोलायचा इतका कंटाळा आला होता की मी सरळ सांगून टाकलं, वर्ष झालं घरीच आहे. तो म्हणाला अहो मग आधी का नाही बोललात. पुढच्या 5 आठवड्यांत कामावर रुजू झालो. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये हेच दाखवलं होतं, ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी दर 6 जणांत जेमतेम एकालाच ती नेहमीच्या भेटीतल्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच ना, नवीन बातमी लांबूनच येते. आणि मी नेमकं त्याच लोकांपासून तोंड लपवत होतो.

अजून एक, आणि हे नोकरी देणाऱ्यांसाठी आहे. मी केलेल्या अर्जांपैकी फक्त दोन ठिकाणांहून "तुमची निवड झाली नाही" असं लेखी कळलं, बाकी सगळीकडे शांतता, इंटरव्ह्यूच्या तीन फेऱ्या घेऊनसुद्धा. त्या दोन मेलचं वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी पुढचा अर्ज करता आला. उत्तरच आलं नाही की माणूस तिथेच अडकून बसतो, मी एका ठिकाणच्या आशेवर दोन महिने घालवलेत. मधे तर दीड महिना अर्जच केले नाहीत, आणि गंमत नाही, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येत बेरोजगार म्हणजे काम नाही, काम करायला तयार आहे आणि काम शोधतोय असा माणूस, म्हणजे जो हरून शोधणं सोडतो तो त्या आकड्यात धरलाच जात नाही. म्हणून विनंती आहे, नकार असेल तर नकार कळवा, दोन ओळी पुरतात. आता आमच्याकडे उमेदवार येतात तेव्हा त्या दोन ओळी मी स्वतः त्याच आठवड्यात पाठवतो.

पत्र छापलंत तर खाली माझं नाव घातलं तरी चालेल, मुलाला वाचून दाखवूनच पाठवतोय.