हिवतापाच्या मुलखातून सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर प्रणाम. समक्ष आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून आज चारचौघांसमोर लिहिते आहे.

धानोरा तालुक्यात मी नव्याने रुजू झाले तेव्हा पावसाळा होता. नाल्याला पूर आला की रस्ता बंद, वीज गेली की फोनची रेंजही गायब. अडलेलं विचारायचं कुणाला? तुम्हीच सुचवलंत, मुक्कामी एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट देत जा. परतीच्या गाडीने तुमचं उत्तर यायचं, बारीक अक्षरात, पाठपोट लिहिलेलं. निवृत्तीनंतर एका अनोळखी, नवख्या डॉक्टरसाठी रात्री जागून लिहायची तुम्हाला काय गरज होती?

रोवणीच्या दिवसांतला तो मुलगा तुम्हाला आठवत असेल. थंडी वाजून ताप, अंग तापलेलं, पण किटवरची तपासणी निगेटिव्ह आणि पहिली स्लाइडही कोरी. तुम्ही कळवलंत की फाल्सिपेरम या घातक हिवतापाचे जंतू बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात, एका कोऱ्या स्लाइडवर विसंबू नका. दर बारा तासांनी रक्त घ्या, जाड थर सावकाश बघा, आणि तोवर लघवीचा रंग व पोराची शुद्ध यांवरची नजर काढू नका. आमच्या तंत्रज्ञाने पुढची स्लाइड लावली आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग नुसतंच सरकून मला जागा दिली. जांभळ्या ठिपक्यांच्या त्या नाजूक अंगठ्या मी स्वतः पाहिल्या. औषध त्याच घटकेला सुरू झालं. पोरगा आता शाळेत जातो.

त्याच सुमारास तुम्ही हिवताप डासांमुळे पसरतो हे शोधणारा रोनाल्ड रॉस आणि त्याचा गुरू पॅट्रिक मॅन्सन यांच्या पत्रव्यवहाराची झेरॉक्स पाठवलीत. ती मी अधाशासारखी वाचली. 1894 साली लंडनमध्ये मॅन्सनने रॉसला रक्तातले हिवतापाचे जंतू दाखवले. तोवर रॉसला ते असतात हेच पटत नव्हतं. पुढच्या वर्षी रॉस सिकंदराबादला आला आणि आगबोटीने पत्रं सुरू झाली. डास चिरायचे, दिसेल ते कळवायचं, उत्तराची आठवडेच्या आठवडे वाट बघायची. मॅन्सनचा तर्क अर्धा चुकीचाच होता: डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला हिवताप होतो, असं तो मानायचा. तरी त्याने शिष्याला सोडलं नाही. 20 ऑगस्ट 1897 ला रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या पेशी, म्हणजे हिवतापाचे जंतू, सापडल्या. तेवढ्यात त्याची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली, जिथे हिवताप फारसा नव्हताच! मॅन्सनने लंडनमधून खटपट केली, रॉसला कलकत्त्याला संशोधनासाठी मोकळीक मिळाली. जुलै 1898 मध्ये पक्ष्यांच्या हिवतापाचा डासातला सगळा प्रवास उलगडला आणि त्याच महिन्यात मॅन्सनने तो एडिंबरोच्या सभेत जाहीर केला. आडगावी बदली झालेल्या डॉक्टरसाठी दूर बसलेलं कुणीतरी इतकं झटतं, हे वाचताना मला तुमचीच आठवण येत होती.

पुढे दोघांचं बिनसलं. 1912 मध्ये रॉसने गुरूवर बदनामीच्या दाव्याची भाषा केली, हे वाचून जीव हळहळला. आणि सर, रॉसच्या प्रयोगातल्या त्या रुग्णाचे, हुसेन खानाचे आभार कुणी मानले? चावलेल्या डासामागे एक आणा घेऊन त्याने आपलं हिवतापाचं रक्त डासांना पाजलं. स्लाइडसाठी बोट पुढे करणारी इथली माणसं पाहिली की मला तो आठवतो.

शेजारच्या केंद्रात आता एक नवीन डॉक्टर आलाय. त्याची पाकिटं माझ्याकडे येतात. त्याने एका गरोदर बाईच्या वारंवार उलटणाऱ्या व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाबद्दल विचारलंय. तो उलटू नये म्हणून द्यायचं प्रायमाक्वीन हे औषध गरोदरपणात देता येत नाही, तेव्हा बाळंतपणापर्यंत तिला कसं सांभाळायचं याचा माझा कच्चा आराखडा शुक्रवारच्या गाडीने तुमच्याकडे पाठवते आहे. जरा नजरेखालून घाला.

आपली नम्र,
आरोग्य केंद्रातली तुमची डॉक्टर